६१७ अंकांची एक संख्या, तिचे दोन अवयव कुणालाच माहीत नाहीत, आणि म्हणून तुमचं आधार सुरक्षित आहे. पण किती दिवस?

९१ ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

कॅल्क्युलेटर न काढता उत्तर द्या. ऑफिसमध्ये विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोक 'मूळ' म्हणाले. सम नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज १० येते म्हणजे ३ ने भाग जात नाही. चेहऱ्यावरून तरी मूळच वाटते. पण तेराचा पाढा पाठ असलेला एक जण लगेच म्हणाला, तेरा साती एक्क्याण्णव. म्हणजे ९१ = ७ × १३. विषय संपला.

आता दुसरी संख्या. ती २५१९५९०८४७५६५७८९३४९४ अशी सुरू होते आणि १२०७२०३५७ अशी संपते. मधले जवळजवळ सहाशे अंक मी इथे देत नाही, मोबाईलवर वाचताना अंगठा दुखेल. एकूण अंक ६१७. ही संख्या संयुक्त आहे हे नक्की. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करूनच ती बनवली, हेही नक्की. पण त्या दोन संख्या कोणत्या, हे जगात कुणालाही माहीत नाही. ज्यांनी ती बनवली त्यांनाही नाही, कारण ज्या कॉम्प्युटरवर ती तयार झाली त्याची हार्ड डिस्क नष्ट केली होती.

या संख्येचं नाव आहे आरएसए-२०४८. रील्सवर दर दोन-तीन महिन्यांनी 'क्वांटम कॉम्प्युटरने एन्क्रिप्शन फोडलं, बँका रिकाम्या होणार' असा जो धुरळा उडतो, त्याच्या मुळाशी हीच संख्या किंवा तिच्यासारखी दुसरी एखादी असते. मग हे प्रकरण नेमकं काय आहे आणि यात घाबरण्यासारखं किती आहे, ते नीट पाहू.

गुणाकार सोपा, उलटं जाणं अवघड

१९७७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या तिघांनी, म्हणजे रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन एडलमन यांनी, एक पद्धत मांडली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे आरएसए. (ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेतल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी हेच १९७३ मध्ये शोधलं होतं, पण ते गुप्त ठेवलं गेलं आणि जगाला १९९७ मध्ये कळलं.)

देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. फटीतून नोट कुणीही आत टाकू शकतो. बाहेर मात्र ती फक्त विश्वस्तांकडच्या किल्लीनेच निघते. आरएसएमध्ये ही फट म्हणजे एक भली मोठी संयुक्त संख्या. ती सगळ्या जगाला जाहीर असते. तिच्या मदतीने कुणीही मेसेज कुलूपबंद करू शकतं. उघडायची किल्ली मात्र त्या संख्येचे दोन अवयव माहीत असतील तरच बनते.

सगळी सुरक्षा एकाच गोष्टीवर टेकलेली आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार फोन क्षणात करतो. उलट्या दिशेने जायला, म्हणजे गुणाकारावरून अवयव पाडायला, कुणालाही जलद रस्ता सापडलेला नाही. 'सापडलेला नाही' हे शब्द नीट वाचा. 'असा रस्ता असूच शकत नाही' हे गणिताने सिद्ध केलेलं नाही. आपण सगळे एका सिद्ध न झालेल्या समजुतीवर पन्नासेक वर्षं गाडी चालवतोय. मला तरी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा गरगरलं होतं.

अवयव माहीत नाहीत, मग संयुक्त आहे हे कसं कळलं?

सगळ्यात मजेशीर भाग हाच आहे. एखादी संख्या फुटते हे ठरवणं आणि ती कशी फुटते हे शोधणं, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

सतराव्या शतकातल्या फर्माने एक नियम सांगितला. मूळ संख्या घ्या (२ सोडून), तिच्यातून १ वजा करा, २ चा तेवढा घात काढा आणि मूळ संख्येने भागा. बाकी १ च येणार. ७ साठी करून बघा: २ चा सहावा घात ६४, त्याला ७ ने भागलं की बाकी १. आता ९१ साठी २ चा ९० वा घात काढून ९१ ने भागला तर बाकी येते ६४. एक नाही. म्हणजे ९१ संयुक्त आहे हे सिद्ध झालं, आणि या हिशोबात ७ किंवा १३ कुठेच आले नाहीत. आपल्याला फक्त एवढंच कळलं की ही फुटते.

उलट्या बाजूने हा नियम पक्का नाही. ५६१ सारख्या काही लबाड संख्या असतात, ज्या ३ × ११ × १७ असूनही या चाचणीत पास होतात. म्हणून प्रत्यक्षात याहून कडक चाचण्या वापरतात. आणि हे काम कायम झटपट आणि खात्रीने करता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. या शोधाची बातमी जगभर गाजली होती.

मी मास कम्युनिकेशनवाली, दहावीनंतर गणिताला हात जोडलेली. तरी आरएसए-२०४८ वर फर्माची चाचणी माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका ओळीच्या पायथन कोडने चालवून बघितली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं, आणि बाकी १ नव्हती. संयुक्त. त्याच लॅपटॉपला तिचे अवयव काढायला बसवलं तर सूर्य विझला तरी काम संपणार नाही.

का संपणार नाही? दोन्ही अवयव साधारण ३०९ अंकी आहेत. एवढ्या आकाराच्या मूळ संख्या किती असतील? १ वर ३०५ शून्यं, जवळपास तितक्या. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या १ वर ८० शून्यं अशी मानतात. एकेका संख्येने भागून बघायचा विचारसुद्धा करू नका.

शहाणपणाचे रस्ते अर्थातच आहेत आणि ते जुने आहेत. नारायण पंडिताच्या १३५६ मधल्या 'गणितकौमुदी'त अवयव पाडण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. पुढे फर्माने वापरलेली युक्ती अशी: संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहा. ९१ म्हणजे १०० वजा ९. म्हणजे १० चा वर्ग वजा ३ चा वर्ग. शाळेतलं सूत्र लावा: (१० − ३) × (१० + ३), म्हणजे ७ × १३. आजच्या सगळ्यात तगड्या पद्धतींच्या पोटातही हीच कल्पना आहे, फक्त तिच्यावर खूप मोठं यंत्रकाम चढवलेलं आहे.

तीन वर्षांचे रविवार

१८७४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम जेव्हन्स यांनी आपल्या पुस्तकात ८६१६४६०७९९ ही संख्या दिली आणि हिचे अवयव आपल्याशिवाय कुणाला कधी कळतील असं वाटत नाही, अशा अर्थाचं लिहिलं. त्या आहेत ८९६८१ आणि ९६०७९. आज तुमचा फोन हे क्षणार्धात सांगतो.

१८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे. अवयव? पत्ता नाही. २७ वर्षं नाही. मग ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. एका बाजूला त्यांनी घात काढून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या लिहिली. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं सारखी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. किती वेळ लागला, असं विचारल्यावर कोल यांचं उत्तर होतं, तीन वर्षांचे रविवार.

यात मला आवडतं ते हे की शोधायला तीन वर्षं लागली आणि तपासायला काही मिनिटं. आरएसएची सगळी गंमत त्या फळ्यावर होती, फक्त तेव्हा कुणाला त्याचा उपयोग माहीत नव्हता.

१९७७ मध्ये आरएसएच्या तिघांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून १२९ अंकी संख्या दिली. तिच्या मदतीने बंद केलेला मेसेज उघडा आणि १०० डॉलर घेऊन जा, अशी पैज. रिव्हेस्ट यांचा अंदाज होता ४ वर १६ शून्यं, एवढी वर्षं लागतील. प्रत्यक्षात सतराच लागली. १९९४ मध्ये वीसहून अधिक देशांतल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून १६०० कॉम्प्युटर जुंपले आणि आठ महिन्यांत संख्या फोडली. आत लपलेला मेसेज काय होता, तर 'जादूचे शब्द आहेत नाजूक मनाचं गिधाड' अशा अर्थाचं काहीतरी वेडगळ वाक्य. बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं की हे कुणी कधी वाचेल.

आव्हानं पुढेही चालू राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतल्या सहा जणांच्या गटाने २५० अंकी संख्या फोडली. त्याला लागलेलं काम एका प्रोसेसर कोअरवर केलं असतं तर २७०० वर्षं गेली असती. आणि २५० अंकांवरून ६१७ वर जाणं म्हणजे अडीचपट काम नव्हे. अंक वाढतात तसं काम गुणाकाराने फुगत जातं. साध्या कॉम्प्युटरने ही भिंत पडेल असं या क्षेत्रातलं कुणी गंभीरपणे म्हणत नाही.

मग क्वांटमची भीती कुठून आली?

१९९४ मध्येच, म्हणजे ती १२९ अंकी संख्या फुटली त्याच वर्षी, पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने एक पद्धत शोधली. तिला लागणारं यंत्र तेव्हा कुठेच नव्हतं. पण कल्पना आपण ९१ वरच समजून घेऊ शकतो, कागद-पेन घ्या.

२ चे घात काढत जा आणि प्रत्येक वेळी ९१ ने भागून बाकी लिहा. १, २, ४, ८, १६, ३२, ६४, ३७, ७४, ५७, २३, ४६ आणि मग पुन्हा १. बारा पायऱ्यांनी चक्र पूर्ण होतं. आता बाराचा निम्मा सहा. २ चा सहावा घात ६४. त्याच्या एक अलीकडे ६३, एक पलीकडे ६५. ६३ आणि ९१ यांचा मसावि काढा: ७. ६५ आणि ९१ चा मसावि: १३. अवयव हातात!

म्हणजे चक्र किती पायऱ्यांनी फिरतं एवढं कळलं की काम जवळपास झालं. (काही वेळा २ वर जमत नाही, मग दुसरी संख्या घेऊन बघायचं.) अडचण अशी की ६१७ अंकी संख्येसाठी हे चक्र इतकं लांब असतं की साधा कॉम्प्युटर ते मोजूच शकत नाही. क्वांटम कॉम्प्युटर ते एकेक पायरी मोजत नाही. लाटा एकमेकींवर येऊन जशा काही ठिकाणी उंच होतात आणि काही ठिकाणी विरतात, तसं करून तो चक्राची लांबी उघडी पाडतो. 'क्वांटम कॉम्प्युटर सगळे पर्याय एकाच वेळी तपासतो' असं रील्समध्ये ऐकलं असेल. ते चूक आहे. तसं असतं तर त्याला असल्या चक्राची गरजच पडली नसती.

आता प्रत्यक्षातलं चित्र बघा. २००१ मध्ये क्वांटम यंत्राने १५ चे अवयव काढले. २०१२ मध्ये २१ चे. होय, २१. आणि त्यातही प्रयोगाची मांडणी उत्तर आधीच माहीत धरून सोपी केलेली होती. २०२५ मध्ये न्यूझीलंडचे पीटर गुटमन आणि त्यांचे सहकारी स्टीफन नॉयहाउस यांनी एक खवचट शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी हे क्वांटम विक्रम १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, मणी सरकवायची पाटी आणि एक कुत्रा यांच्या मदतीने पुन्हा करून दाखवले.

ऑक्टोबर २०२४ मधली 'चिनी शास्त्रज्ञांनी लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलं' ही बातमी आठवते? आपल्याकडेही ती तुफान फिरली. शांघाय विद्यापीठाच्या त्या संशोधनात फोडलेली संख्या होती २२ बिटची, म्हणजे सात अंकी. ती साध्या पद्धतीने फोडायची तर जास्तीत जास्त ३०९ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. तुमच्या फोनला जांभई यायलाही वेळ मिळणार नाही. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका चिनी गटाने १० क्युबिट वापरून २६१९८०९९९२२६२२९ ही १५ अंकी संख्या फोडली आणि ३७२ क्युबिटमध्ये आरएसए-२०४८ सुद्धा पडेल असा दावा केला. संख्या खरंच फुटली होती, १५५३८२१३ गुणिले १६८६०४३३. पण मोठ्या संख्येवर ही पद्धत वेगाने चालेल, याचा पुरावा त्यात नव्हता.

म्हणजे सगळाच फुगा? इथे मात्र मी थांबेन.

खरी बातमी व्हायरल झालीच नाही

२०१९ मध्ये गुगलचे क्रेग गिडनी आणि स्वीडनचे मार्टिन एकेरो यांनी हिशोब मांडला होता की आरएसए-२०४८ एवढी संख्या फोडायला २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागतील. मे २०२५ मध्ये गिडनी यांनी नवा हिशोब दिला: १० लाखांपेक्षा कमी क्युबिट, आठवड्याभराहून कमी वेळ. यंत्राबद्दलची गृहीतकं तीच, म्हणजे दर हजार क्रियांमागे एक चूक करणारे क्युबिट.

सहा वर्षांत गरज वीसपट खाली आली, तीही चांगलं यंत्र न बनवता. नुसतं कागदावरचं गणित सुधारून. बातमीचा गाभा हा आहे, पण यात 'चीन', 'लष्कर', 'बँका रिकाम्या' असलं काही नसल्यामुळे ती फारशी फिरली नाही. मीडियात काम करते म्हणून सांगते, सात अंकी संख्येची बातमी लाखोंनी बघितली आणि ही वाचली मूठभरांनी, यात दोष वाचकांचा कमी आणि आमचा जास्त आहे.

आज यंत्रं कुठे आहेत? गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या विलो चिपवर १०५ क्युबिट. आयबीएमच्या २०२३ मधल्या कॉन्डॉर चिपवर ११२१. भारतात राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, ५० ते १००० क्युबिटची यंत्रं हे त्याचं उद्दिष्ट आहे, आणि २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीने २५ क्युबिटचं यंत्र जाहीर केलं. (मिशनच्या चार केंद्रांपैकी एक आयआयटी मुंबईत आहे, पण त्याचा विषय क्वांटम सेन्सर आहे, कुलपं फोडणं नाही.) १०५ आणि १० लाख यातलं अंतर प्रचंड आहे. पण एक टोक वर सरकतंय आणि दुसरं खाली येतंय, हे विसरून चालणार नाही.

आधार आणि सातबाऱ्याचा इथे काय संबंध?

आधार प्रमाणीकरण करताना तुम्ही बोट टेकवता. ती माहिती एका तात्पुरत्या किल्लीने बंद होते आणि ती किल्ली यूआयडीएआयच्या २०४८ बिटच्या जाहीर किल्लीने कुलूपबंद होऊन पुढे जाते. पद्धत आरएसएचीच. २०४८ बिट म्हणजे बरोब्बर ६१७ अंकी संख्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा डाउनलोड केलात, सीएने तुमचं रिटर्न डिजिटल स्वाक्षरीने भरलं, तरी मागे २०४८ बिटची आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्ह नावाची दुसरी पद्धत असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलपाचा पायाही इलिप्टिक कर्व्ह हाच. आणि शोर यांची पद्धत त्यालाही लागू पडते.

धोका दोन प्रकारचा आहे, आणि लोक तो एकत्र कालवतात. स्वाक्षरीचा धोका यंत्र तयार झाल्यावर सुरू होतो. ज्याच्याकडे किल्ली फोडायचं यंत्र असेल तो खोटी सही करेल. त्याआधी सगळीकडच्या सह्या नव्या पद्धतीवर नेल्या तर वाचलो.

गुप्ततेचा धोका मात्र आजच सुरू आहे. कुणी आजचा कुलूपबंद डेटा वाटेत उचलून नुसता साठवून ठेवला, तर पंधरा वर्षांनी तो उघडता येईल. आज साठवा, उद्या फोडा. तुमचा ओटीपी पंधरा वर्षांनी उघडला तरी काय फरक पडतो? काहीच नाही. क्रेडिट कार्डही तोवर बदललेलं असेल. पण बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, एचआयव्हीचा रिपोर्ट, एखाद्या पत्रकाराचा स्रोत? ठसे बदलून मिळत नाहीत. माझ्या मते आपल्याकडची चर्चा यूपीआयभोवती फिरते ती चुकीच्या जागी फिरते. पैसे परत मिळू शकतात, ठसे नाही. हे मान्य की आधारचा डेटा इंटरनेटवरच्या दुसऱ्या कुलपाच्या आतून जातो आणि किल्ल्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे उचलणाऱ्याचं काम सोपं नाही. पण कुलपं दोन असली तरी दोन्ही एकाच जातीची असतील तर फार दिलासा नाही.

संख्या न फोडताही कुलूप पडतं

क्वांटमच्या गोंधळात एक गोष्ट राहून जाते. आजवर आरएसएची जी खरी कुलपं पडली, ती क्वांटममुळे नाही. ती संख्या निष्काळजीपणे बनवल्यामुळे पडली.

९१ आणि १४३ घ्या. दोन्हींचे अवयव माहीत नाहीत असं समजा. त्यांचा मसावि काढा: १४३ वजा ९१ म्हणजे ५२, ९१ वजा ५२ म्हणजे ३९, ५२ वजा ३९ म्हणजे १३, आणि १३ ने ३९ ला पूर्ण भाग जातो. मसावि १३. दोघींमध्ये एक अवयव सामाईक होता आणि एका वजाबाकीच्या खेळात दोघी उघड्या पडल्या. संख्या ६१७ अंकी असल्या तरी हा खेळ तितकाच झटपट चालतो.

२०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून एकमेकींशी मसावि काढले. तपासलेल्या सुरक्षित वेबसर्व्हरपैकी अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या सरळ हातात आल्या. त्यात राउटर आणि फायरवॉलसारखी उपकरणं जास्त होती. चालू झाल्याझाल्या किल्ली बनवायची आणि तेव्हा पुरेसा यदृच्छपणा हाताशी नाही, म्हणून अनेक उपकरणांनी तीच ती मूळ संख्या उचलली होती.

२०१७ मध्ये तर एका अख्ख्या देशाची झोप उडाली. चेक संशोधकांच्या लक्षात आलं की इन्फिनिऑन कंपनीच्या चिप मूळ संख्या बनवताना शॉर्टकट घेतात आणि त्यामुळे किल्ल्या अंदाजापेक्षा खूप सोप्या होतात. एस्टोनियातली सुमारे साडेसात लाख ओळखपत्रं त्याच चिपवर होती. मतदानापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं त्या कार्डावर चालणारा देश. नोव्हेंबरमध्ये सरकारने ती प्रमाणपत्रं थांबवली आणि लोकांना नवी घ्यायला लावली. लोकसंख्या तेरा लाख असल्याने जमलं. हेच एकशे चाळीस कोटींच्या देशात करायचं झालं तर, याचा विचार दिल्लीत कुणीतरी केला असेल अशी आशा.

आता जग काय करतंय?

अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही न फुटणाऱ्या मानल्या जाणाऱ्या तीन पद्धती पक्क्या केल्या. त्या अवयव पाडण्याच्या अवघडपणावर अवलंबून नाहीत. निस्टच्या मसुद्यानुसार आरएसए-२०४८ च्या ताकदीच्या किल्ल्या २०३० नंतर टाळायच्या आणि २०३५ नंतर पूर्ण बंद. सिग्नलने २०२३ मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये नवी कुलपं बसवली. क्रोमही २०२४ पासून जिथे समोरच्या सर्व्हरची तयारी असेल तिथे नवं-जुनं दोन्ही कुलूप एकदम लावतं.

दोन्ही का? कारण नवीनही फुटू शकतं. निस्टच्या स्पर्धेत पुढे गेलेली साइक नावाची पद्धत २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोघांनी साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात पाडली. क्वांटम वगैरे काही नाही. एक जुनं, विसरलेलं प्रमेय कामी आलं.

तुम्ही-आम्ही यात करण्यासारखं फार थोडं आहे. फोन आणि ब्राउझर अपडेट ठेवले की बदल आपोआप येतात. 'क्वांटम-प्रूफ' म्हणून पैसे मागणारं ॲप दिसलं तर पुढे सरका. प्रश्न विचारायचे ते बँकेला, रुग्णालयाला, सरकारी पोर्टलला: आमचा जो डेटा वीस वर्षं गुप्त राहायला हवा, तो नव्या कुलपात कधी जाणार?

जाता जाता, आरएसए-२०४८ बद्दल घरबसल्या काय सांगता येतं ते सांगते. तिच्या शेवटी ७ आहे. म्हणजे तिच्या दोन अवयवांचे शेवटचे अंक १ आणि ७ असतील किंवा ३ आणि ९. शेवटचे दोन अंक ५७, त्याला ४ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे दोन्ही अवयवांना ४ ने भागलं तर बाकी सारखीच येणार, दोन्हीकडे १ किंवा दोन्हीकडे ३. एवढं काढून झालं, आता फक्त उरलेले सहाशेच्या वर अंक शोधायचे राहिले. सापडले तर २ लाख डॉलरचं बक्षीस होतं, पण स्पर्धा २००७ मध्येच बंद झाली.